कुंपणाचा धर्म

कार्यालयाचे संगणक नेटवर्क दिवसभर एकच प्रश्न विचारत असते: तू कोण? सकाळी पासवर्ड टाकताना, सामायिक फोल्डर उघडताना, ईमेल पाहताना, घरून व्हीपीएन लावून आत शिरताना, दर वेळी हाच प्रश्न. उत्तर पटले की दुसरा येतो: तुला इथे काय काय करायची मुभा आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून ठेवायची, माणसे आली-गेली तशी ती बदलायची आणि खोटे उत्तर देऊन कुणी आत घुसत नाही ना यावर नजर ठेवायची, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याचे काम. मोठ्या कंपनीत त्याला सिस्टीम ॲडमिन म्हणतात, लहान कारखान्यात नुसते ‘आयटीवाला’. काम तांत्रिक आहे, पण त्याच्या बुडाशी असलेले दोन प्रश्न तांत्रिक नाहीत. कुणाचे म्हणणे कधी खरे मानावे, हा पहिला. ज्याला सगळे पाहता येते त्याने काय पाहू नये, हा दुसरा. पहिल्यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. दुसऱ्याचे उत्तर अस्तेय, अपरिग्रह अशा जुन्या व्रतांच्या यादीत आहे, मात्र तिथे ते नेटवर्कच्या संदर्भात कुणी शोधत नाही.

सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळले की हे प्रश्न अगदी साध्या रूपात भेटतात. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. धारेश्वराची टेकडी, वाढत गेलेल्या सोसायट्या, पाण्याचे टँकर आणि नऱ्ह्याच्या बाजूला पसरलेले लहान कारखाने असा तिचा आजचा तोंडवळा आहे. अशा चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्याचे नेटवर्क बहुधा जिन्याखाली असते. भिंतीला टांगलेले लोखंडी रॅक, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली रॅकच्याच डोक्यावर. आत चोवीस पोर्टचा स्विच, फायरवॉल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर; खाली यूपीएस आणि शेजारी टॅलीचा सर्व्हर म्हणून राबणारा जुना डेस्कटॉप. केबलींना चिकटपट्ट्या लावलेल्या: ‘अकाउंट्स’, ‘स्टोअर’, ‘सर केबिन’. दोन-तीन केबली मात्र बेवारस असतात. त्या कुठे जातात हे विचारले तर आधीच्या आयटीवाल्याचे नाव निघते. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असली, की या खोलीत कारखान्याचा श्वास अडकतो.

या रॅकमधल्या स्विचच्या रिकाम्या पोर्टला कुणी लॅपटॉप जोडला, तर काय होते? मुद्दाम काही बंदोबस्त केला नसेल तर काहीच होत नाही. लॅपटॉपला पत्ता मिळतो आणि तो घरचाच होऊन जातो. जुन्या पद्धतीचे नेटवर्क असेच बांधलेले असे: भोवती भक्कम भिंत, वेशीवर फायरवॉल आणि आत आलेला तो आपला. मीमांसकांचे ज्ञानाविषयीचे मत नेमके याच घडणीचे आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते. झालेले ज्ञान खरे धरूनच माणूस चालतो. पुढे त्याला बाधा आली, किंवा ते ज्या साधनाने झाले त्यात दोष सापडला, तरच ते खोटे ठरते. खरेपणा अंगचा, खोटेपणा बाहेरून सिद्ध व्हायचा. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते खरेपणाही बाहेरूनच ठरवावा लागतो. दूरवर पाणी दिसले म्हणजे ते पाणी आहे असे नव्हे, मृगजळही तसेच दिसते. जवळ जाऊन ओंजळीत घेतले आणि तहान भागली, म्हणजे पाणी. हे परतःप्रामाण्य.

आज सुरक्षेच्या क्षेत्रात ‘झिरो ट्रस्ट’ या नावाने जे सांगितले जाते ते परतःप्रामाण्यच आहे. आत असणे हा पुरावा नव्हे. अकाउंट्सच्या संगणकानेही टॅलीच्या सर्व्हरकडे जाताना ओळख पटवावी, स्टोअरच्या संगणकाला पगारपत्रकाचा फोल्डर दिसूच नये, पासवर्डच्या जोडीला मोबाइलवर आलेला आकडाही मागावा. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकशास्त्रात स्पष्ट मांडले. कामगाराला हा अविश्वास वाटतो आणि तो कधीकधी तसे बोलूनही दाखवतो: ‘दहा वर्षं झाली इथं, अजून ओळख विचारता?’ त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण चुकीच्या जागी आहे. नेटवर्क त्याच्यावर संशय घेत नाही. त्याचे नाव सांगून जो बोलतो आहे तो खरेच तोच आहे का, एवढेच ते विचारते. नैयायिकाने पाण्याची खात्री करून घेतली म्हणून पाण्याचा अपमान होत नाही.

खात्री न करण्याची किंमत पुण्याने पाहिली आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या स्विचमार्फत (हा रॅकमधला स्विच नव्हे, व्यवहारांची ये-जा सांभाळणारी प्रणाली) मूळ प्रणालीला विचारते: या खात्यात एवढे पैसे आहेत का? हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून खऱ्या स्विचऐवजी उत्तरे देणारा खोटा स्विच बसवला. प्रश्न मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता. खोटा स्विच प्रत्येक मागणीला ‘द्या’ म्हणत होता. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख. भारतातून पैसे काढणाऱ्या साखळीतल्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले.

न्यायदर्शनाच्या भाषेत इथे शब्दप्रमाणात घोटाळा झाला. आप्ताचे, म्हणजे विश्वासू आणि जाणत्या माणसाचे, वचन हे प्रमाण असते. एटीएमला स्विचचे म्हणणे आप्तवचन होते. पण वचन आप्ताच्या जागेवरून आले म्हणजे ते आप्ताचेच असते का? यंत्राने जागा ओळखली, बोलणारा ओळखला नाही. बनावट पोलीस, बनावट बँक अधिकारी, ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणत दारात उभा राहणारा माणूस, सगळे याच फटीतून शिरतात.

मग प्रत्येक वचनाची परीक्षा करावी. पण परीक्षा करणाऱ्याची परीक्षा कोणी करायची? मीमांसकांनी नैयायिकांना हाच पेच घातला होता: एका ज्ञानाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा, ही अनवस्था संपणार कुठे? नेटवर्कमध्ये हा पेच रोजचा आहे. बँकेची वेबसाइट उघडताना ब्राउझर तिचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. त्यावर एका प्रमाणन संस्थेची सही असते, त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर तिच्या वरच्या संस्थेची, आणि अशी साखळी चढत चढत मूळ प्रमाणपत्रापाशी थांबते. त्या मूळ प्रमाणपत्रावर सही कोणाची? त्याचीच. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्रही असेच स्वतःचे स्वतःला दिलेले आहे. म्हणजे परतःप्रामाण्याचा सगळा डोलारा शेवटी स्वतःप्रामाण्याच्या एका दगडावर टेकतो. कुमारिल भट्टांना हे पाहून हसू आले असते.

नैयायिकांच्या बाजूने यावरचे चांगले उत्तर दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचे आहे. शंका घ्यावी, पण कुठवर? शंका घेणाऱ्याची स्वतःची कृतीच तिच्या आड येईपर्यंत. धूर हवा म्हणून जो माणूस न चुकता विस्तव पेटवतो, त्याला धूर विस्तवापासूनच येतो का अशी शंका तोंडाने काढता येईल, पण ती त्याच्या हाताला मान्य नसते. असा व्याघात, म्हणजे स्वतःशीच विरोध, आला की शंका संपते. नेटवर्क सांभाळणाऱ्याने हे सूत्र रॅकच्या दारावर चिकटवावे इतके ते उपयोगी आहे. दर दहा मिनिटांनी ओळख विचारली आणि दर पंधरा दिवसांनी पासवर्ड बदलायला लावला, तर माणसे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला लावतात. संशय इतका ताणला जातो की तोच दार उघडून देतो.

इथवर प्रश्न बाहेरून येणाऱ्याचा होता. दुसरा प्रश्न आत बसलेल्याचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. ॲडमिनला कोणाचाही पासवर्ड बदलता येतो, कोणाचीही मेलपेटी उघडता येते, कोण कधी आले, कुठली वेबसाइट किती वेळ पाहिली हे नोंदींत दिसते. शेत सांभाळायला घातलेले कुंपण हेच आहे, आणि कुंपणच शेत खाते ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

या माणसाचे वर्णन करताना ‘तो केवळ साक्षी असतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. ऐकायला छान वाटणारी, पण चुकीची उपमा आहे ही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष साक्षी आहे, द्रष्टा आहे, मध्यस्थ आहे आणि मुख्य म्हणजे अकर्ता आहे. पाहणे हेच त्याचे स्वरूप, करणे त्याच्याकडे नाही. ॲडमिनची स्थिती बरोबर उलटी आहे. तो कर्ता आहे. बॅकअप घेणे, खाते बंद करणे, फायरवॉलचे नियम लिहिणे ही सगळी त्याची कर्मे. त्याने टाळायचे आहे ते पाहणे. न पाहता करायचे, ही त्याची साधना.

पण पाहिल्याने बिघडते काय? कुणाचा मेल वाचला तर मेल जागेवरच राहतो, कुणाचे काही कमी होत नाही. चोरी म्हणावी तर चोरीला गेलेली वस्तू मालकाच्याच हातात. इथे जुन्या व्याख्या आश्चर्य वाटावे इतक्या कामी येतात. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात आणि बौद्धांच्या पंचशीलात चोरीची व्याख्या मालकाच्या नुकसानीवर बेतलेली नाही. न दिलेले घेणे ती चोरी. कसोटी एकच: दिले होते का? योगसूत्रावरचे व्यासभाष्य आणखी पुढे जाते. त्यात अस्तेय म्हणजे नुसते न घेणे नव्हे, दुसऱ्याच्या वस्तूची स्पृहाच नसणे.

ही कसोटी लावली की गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. पूर्वी गावात पोस्टमन पत्र वाचूनही दाखवत असे. मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाचे पोस्टकार्ड आले की म्हातारी त्याला ओट्यावर बसवून घ्यायची. मुलाच्या तब्येतीपासून मनिऑर्डरच्या रकमेपर्यंत सगळे त्याच्या तोंडून बाहेर पडायचे, आणि तरी ती चोरी नव्हती, कारण ते वाचन त्याला दिलेले होते. तेच पोस्टकार्ड त्याने वाटेत वाचले असते तर मजकूर तोच, कागद तोच, पण वाचन न दिलेले. कर्मचारी आपला मेल नेटवर्कच्या हवाली करतो तो पोचवण्यासाठी. पोचवणे दिलेले आहे, वाचणे दिलेले नाही.

व्यवहारात रेषा एवढी सरळ राहत नाही, हेही खरे. बिघडलेली मेलपेटी दुरुस्त करताना ती नीट उघडते का हे पाहावेच लागते, आणि नेमका वर असलेला मेल शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा दुसऱ्या कंपनीला पाठवलेला बायोडेटा निघतो. डोळे मिटून दुरुस्ती होत नाही. इथे स्पृहा हा शब्द उपयोगी पडतो: दिसले ते अपघाताने, पुढचा मेल उघडावासा वाटला तिथे अस्तेय मोडले. आणि जे दिसले ते चहाच्या टपरीवर पोचले, तर ती दुसरी चोरी.

आणखी एक प्रकार याहून नाजूक आहे. आजकाल बहुतेक वेबसाइटींचा मजकूर कुलूपबंद होऊन प्रवास करतो, त्यामुळे त्यातून व्हायरस येतो का हे फायरवॉलला दिसत नाही. उपाय म्हणून काही ठिकाणी फायरवॉल मध्ये बसून कुलूप उघडते, मजकूर तपासते आणि स्वतःचे कुलूप लावून पुढे धाडते. त्यासाठी तिचे मूळ प्रमाणपत्र कार्यालयाच्या प्रत्येक संगणकात आधीच बसवून ठेवलेले असते. कर्मचाऱ्याला ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दिसते आणि आपण थेट बँकेशी बोलतो आहोत असे वाटते. तांत्रिक घडण पाहिली तर हा खोट्या स्विचचाच भाऊबंद आहे. हेतू तेवढा चांगला. हा हेतू पुरेसा आहे का? एकट्याने नाही. तो पुरेसा होतो तो दोन गोष्टींनी: अशी तपासणी होते हे कर्मचाऱ्यांना आधी सांगितलेले असणे, आणि बँका, दवाखाने यांच्या वेबसाइटी तिच्यातून वगळलेल्या असणे. जाणते ॲडमिन तसेच करतात.

मालक सांगतो तेव्हा काय करायचे, हा प्रश्न लहान कारखान्यात हमखास येतो. जिन्याखालच्या खोलीत डोके घालून कुणीतरी हळू आवाजात म्हणते, ‘अरे, त्या परचेसवाल्याचे मेल बघून ठेव जरा.’ यंत्र मालकाचे, मेलपेटी कंपनीची, पगारही कंपनीचाच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरण्याची वाट ठेवतो. म्हणजे अशी तपासणी कधीच करता येत नाही असे नाही. पण ‘जरा बघून ठेव’ हा आदेश नव्हे, मोह आहे, आणि तो दुसऱ्याच्या हाताने पुरा करायचा आहे. त्यावर ‘सर, एक मेल टाका ना मला, काय बघायचं, कशासाठी, कुठल्या तारखांचं’ एवढेच म्हणायचे असते. यातल्या बऱ्याचशा मागण्या लेखी उतरतच नाहीत. ज्या उतरतात त्या बहुधा रास्त असतात.

अस्तेयाच्या शेजारचे व्रत अपरिग्रहाचे. त्याचा संबंध पाहण्याशी नाही, धरून ठेवण्याशी आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचा अभियंता टेरी चाइल्ड्स याने जुलै २००८ मध्ये नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना द्यायला नकार दिला. त्याने काही चोरले नव्हते, काही बिघडवले नव्हते. तो तुरुंगात असतानाही शहराचे नेटवर्क व्यवस्थित चालू होते. हे लोक नेटवर्क सांभाळायला लायक नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. अखेर महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा त्याने पासवर्ड त्यांच्या हाती दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. चाइल्ड्स कदाचित त्या शहराचा सर्वांत कसबी ॲडमिन असेल, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. सांभाळायला दिलेली वस्तू प्रेमापोटी आपली वाटू लागणे हा परिग्रहाचा सर्वांत सभ्य प्रकार. धायरीत त्याचे घरगुती रूप म्हणजे ‘पासवर्ड फक्त मलाच माहीत आहे’ असे अभिमानाने सांगणारा आयटीवाला, आणि ते ऐकून निर्धास्त होणारा मालक.

हे सगळे व्रतांवर सोडून चालेल का? शिवकालीन गडांच्या व्यवस्थेने याचे उत्तर नाही असे दिले होते, आणि ती व्यवस्था जिथे चालली त्या गडांपैकी एक, सिंहगड, धायरीच्या वरच्या गच्च्यांवरून दिसतो. सभासदाची बखर सांगते की गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन कारभारी बरोबरीच्या दर्जाचे असत आणि तिघांनी मिळून कारभार करायचा असे. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, पहाऱ्याचे लोक सरनोबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे; कोठाराला वेगळा कारखानीस. तिघे एका जातीचे नसावेत याचीही काळजी घेतलेली होती, म्हणजे संगनमत सोपे होऊ नये. हवालदार लबाड आहे असे यात गृहीत नाही. एकट्या हवालदाराने गड देऊ म्हटले तरी त्याला देता येऊ नये, एवढीच तजवीज आहे. सिंहगडाचाच इतिहास पाहिला तर दोन्ही धोके दिसतात: ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कड्यावरून दोर लावून चढले, कारण कड्यावरून कोणी येईल असे आतल्यांना वाटले नव्हते, आणि १७०३ मध्ये औरंगजेबाने तोच गड आतल्यांना पैसे देऊन घेतला. फायरवॉल कड्याची काळजी घेईल. पैशाची काळजी घ्यायला सबनीस लागतो.

नेटवर्कमधला सबनीस म्हणजे नोंदवही, ज्याला लॉग म्हणतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग देशात राखून ठेवायला आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितले आहे. पुराणातला चित्रगुप्त प्रत्येकाच्या कर्माची नोंद ठेवतो. त्याची वही कोण तपासतो हे विचारायची वेळ आली नाही, कारण त्याला मेलपेटी उघडण्याचा अधिकार नव्हता. ॲडमिनच्या बाबतीत मात्र ज्याची नोंद ठेवायची आणि जो नोंद ठेवतो तो एकच माणूस. म्हणून लॉग त्याला पुसता येणार नाही अशा वेगळ्या ठिकाणी गेले पाहिजेत आणि ते दुसऱ्या कुणीतरी चाळले पाहिजेत.

पन्नास माणसांच्या कारखान्यात हवालदार, सबनीस आणि सरनोबत कुठून आणायचे? पगार एकाच आयटीवाल्याचा परवडतो, कधी तोही अर्ध्या दिवसाचा. तरी व्यवस्था जमते. लॉगची प्रत बाहेरच्या साठवणीत जाते आणि तिचा पासवर्ड अकाउंटंटकडे असतो. महिन्यातून एकदा अकाउंटंट ॲडमिन खात्याने काय काय केले याची यादी छापून घेतो आणि जे कळत नाही त्यावर खूण करून विचारतो. रोजच्या कामासाठी आयटीवाला साधे खाते वापरतो, ॲडमिनचे खाते गरजेपुरते. आणि त्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला जातो, पाकिटाच्या जोडावर आयटीवाला आणि अकाउंटंट या दोघांच्या सह्या होतात, वरून चिकटपट्टी लागते आणि ते मालकाच्या कपाटात चेकबुकांशेजारी ठेवले जाते. आयटीवाला आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला तर मालक आणि अकाउंटंट या दोघांच्या समोर ते फोडायचे, काम झाले की पासवर्ड बदलायचा आणि नवे पाकीट करायचे. वर्षातून एकदा, एखाद्या गुरुवारी वीज नसताना, ते काढून जोडावरच्या सह्या शाबूत आहेत ना एवढे पाहून पुन्हा कपाटात ठेवायचे.